स्पर्शकोन

१

शाहूपुरीतल्या एका जुन्या व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मालाची तपासणी करून देणारी एक खासगी प्रयोगशाळा होती. तिथं शांभवी पट्टणशेट्टी सहा वर्षं नोकरीला होती, आणि तिचा दिवस बहुतेक थेंब ठेवण्यात जायचा. रंगाचे कारखानदार, काचवाले, रेनकोटचं कापड विणणारे आपापले नमुने पाठवत. शांभवी त्यातला तुकडा यंत्राच्या छोट्या चौथऱ्यावर ठेवायची, वरच्या सुईतून पाण्याचा एक थेंब त्याच्यावर अलगद टेकवायची आणि फोटो घ्यायची. थेंबाच्या मागे पांढरा दिवा, पुढे कॅमेरा. पडद्यावर थेंब काळाकुट्ट दिसे आणि त्याच्या पोटात मागच्या दिव्याचा उजेड इवल्या खिडकीसारखा पांढरा होऊन बसे. थेंबाची कड खालच्या तुकड्याला जिथं टेकते तिथला कोन मोजायचा, तोच स्पर्शकोन. अळूच्या पानावर पाणी गोळी होऊन बसतं, तिथं कोन मोठा. घासून धुतलेल्या काचेवर ते पसरतं, तिथं लहान. नव्वदच्या वर गेला तर वस्तू पाण्याला अंगाशी लागू देत नाही असं समजायचं. एवढंच शास्त्र.

खोली आठ बाय दहाची. बाहेरचा उजेड चालत नाही म्हणून खिडकीला काळा पडदा, आणि वाऱ्यानं थेंब हलतो म्हणून पंखा नाही. भर दुपारी बाराला रस्त्यावर हॉर्नचा गोंधळ चाललेला असला तरी आत आलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. शांभवीला ते आवडायचं.

सप्टेंबरअखेरच्या एका मंगळवारी जेवण करून ती हेल्मेटच्या काचेचा नमुना बघत होती. थेंब छान गोल बसला. पण पोटातल्या त्या पांढऱ्या खिडकीत एक काळा ठिपका होता.

दिव्यावर चिलट बसलं असेल म्हणून तिनं दिवा पुसला. ठिपका होताच. तिनं थेंब टिपून दुसरा ठेवला, मग तिसरा. तिन्हीत तो त्याच जागी. शेवटी फोटो मोठा करून पाहिला. ठिपक्याला खाली दोन पाय होते, मध्ये धड होतं, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर ताणलेले होते. कुणीतरी सरळ उभं राहून हात वर केल्यासारखं.

"काय पण दिसतंय बाई," ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली. हसायला गेली, पण हसू आलं नाही. तिनं तो फोटो न ठेवताच पुसून टाकला.

२

दुसरी कुणी असती तर चहाला गेल्यावर चार जणांना सांगून मोकळी झाली असती. शांभवीनं सांगितलं नाही, कारण तो ठिपका बघताच तिचे कान गरम झाले होते. भीतीनं नव्हे, लाजेनं.

एप्रिलमध्ये मुरगूडकडच्या एका सूतगिरणीचा वायरमन सहा नमुने घेऊन आला होता. कृष्णात त्याचं नाव. चाळिशीचा, रापलेला, मोठ्यानं बोलणारा माणूस. गिरणीच्या सबस्टेशनात विजेच्या तारा ज्या चिनीमातीच्या चकत्यांवर टांगलेल्या असतात, त्यांच्यावर रबराचा लेप असतो. पावसात पाणी त्याच्यावर पसरू नये, थेंब थेंब होऊन सुटं राहावं, म्हणून. सुट्या थेंबांतून वीज चालत नाही. पसरलेल्या पाण्यातून चालते. लेप आठ वर्षांचा झाला होता. अजून चालेल की नवा द्यायचा, हे तपासायला सहा चकत्यांचे बोटभर तुकडे घेऊन गिरणीनं त्याला धाडलं होतं.

"मला बघू द्या की ताई, कसं बघता त्ये," तो म्हणाला. तिनं त्याला आत घेतलं. पहिल्या तुकड्यावर थेंब ठेवला. कोन एकशे आठ.

कृष्णातनं दिव्यापुढे बोट धरलं. पडद्यावर थेंबाच्या पोटात ते बोट खालच्या बाजूला टोक करून दिसलं.

"आयला! उलटं दिसतंय की!"

"थेंबातून सगळं उलटंच दिसतं, दादा. वरचं खाली, खालचं वर."

"म्हंजे ह्यो असा गोल ऱ्हायला तर आमी वर चढायचं, आन् पसरला तर न्हाय. असंच की न्हाय?"

"असंच," शांभवी म्हणाली.

तो खूश होऊन गेला. शनिवार होता, साडेबारा वाजले होते. संध्याकाळी निपाणीला मावसबहिणीची हळद होती आणि तिला दीडची गाडी गाठायची होती. प्रत्येक तुकड्यावर पाच थेंब, असे अजून पाच तुकडे, म्हणजे दोन तास सहज. तिनं उरलेल्या पाचांच्या पुढे आकडे लिहिले. एकशे सहा, एकशे नऊ, एकशे सात, एकशे दहा, एकशे पाच. खाली शेरा लिहिला, 'लेप सुस्थितीत', आणि सही करून ती जिना उतरली. हळदीत ती खूप नाचली होती. ते आता आठवलं की तिला घास गिळवत नसे.

३

कारण जुलैच्या शेवटी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. सूतगिरणीच्या सबस्टेशनात दुरुस्ती करताना विजेचा धक्का बसून वायरमनचा मृत्यू. नाव कृष्णात. पहाटेपासून भुरभूर पाऊस होता, असंही त्यात होतं.

प्रयोगशाळेत कुणाला काही कळलं नाही. कुणी विचारायला आलं नाही. गिरणीनं अपघात म्हणून लिहिलं आणि विषय मिटला. शांभवी रोज वाट बघायची की आज कुणीतरी येईल, आज फोन वाजेल. कुणी आलं नाही, आणि दर संध्याकाळी घरी जाताना तिला सुटल्यासारखं वाटायचं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज होती.

तपासलेले नमुने सहा महिने जपून ठेवायचे असा नियम होता. ते सहा तुकडे तिच्याच टेबलाच्या खालच्या खणात, पिशवीत होते. यंत्र दोन हातांवर. पाच तुकडे मोजले की कळलं असतं. कदाचित तिचे आकडे बरोबरही निघाले असते. असं होऊ शकतं, ती मनाला सांगायची. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या चकत्या, त्यात फरक कितीसा पडणार? मग मोज की, असं मन म्हणायचं. आणि ती उठून पाणी प्यायला जायची.

४

ठिपका वाढत गेला.

आठवडाभरात तो खिडकीच्या पाव भागाएवढा झाला. पसरट थेंबात तो दिसत नसे; थेंब जितका गोल, तितका तो स्वच्छ. शांभवी गोल बसणारे नमुने मागे ठेवू लागली. तेव्हा प्रयोगशाळेचे मालक विश्वजित सर स्वतः आत आले.

"तीन रिपोर्ट अडकलेत. काय झालंय मशीनला?"

तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. हा माणूस 'कुठं काय, काही नाही' म्हणेल, तिला वेड लागलंय असं ठरेल, तर बरं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

सरांनी चष्मा वर केला. "हे काळं होय? लेन्सला बुरशी धरलीय. सर्व्हिसवाल्याला बोलवा." आणि ते गेले.

म्हणजे ते होतं.

सर्व्हिसवाला पुण्याहून आला, सगळं उघडून बसला, दिवा बदलला, कॅमेरा बदलला. "मॅडम, काहीच नाहीये यात," म्हणाला. तो असेपर्यंत थेंब स्वच्छ होते. तो जिना उतरला तसा आवाज सुरू झाला.

आवाज अगदी बारीक होता. जाड पट्ट्यावर वजन येऊन तो ताणावा तशी करकर, थांबून थांबून. तिनं भिंतीतून जाणारी बाहेरच्या ऑफिसातल्या एसीची नळी तपासली, खुर्ची हलवून पाहिली. शेजारच्या गाळ्यात सुताराचं काम चाललंय का, हेही विचारून आली. नव्हतं. आवाज खोलीतच होता, आणि तो डावीउजवीकडून येत नव्हता. कुठून येतो ते तिनं शोधायचं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात ऑफिसातून यादी आली. एप्रिलचे नमुने टाकून द्यायचे, प्रत्येकापुढे सही करायची. सूतगिरणीचे सहा तुकडे अकराव्या ओळीत होते. सही केली की ते कचऱ्यात जाणार होते, आणि त्यांच्यावर पाणी कसं बसतं हे जगात कुणालाच, कधीच कळणार नव्हतं.

तिनं पेन उचललं. सहीचं पहिलं अक्षर काढलंही. मग यादी घडी घालून पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी रजा घेतली.

५

कागलला गाडी बदलून ती मुरगुडात उतरली. कृष्णातचं घर विचारत विचारत सापडलं. दारात एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. त्याची आई, धोंडुबाई. सून दूध घालायला डेअरीत गेली होती.

"कुठनं आलासा पावणं?"

"कोल्हापूरहून. गिरणीच्या... कामासंदर्भात." कबूल करायलाच ती आली होती. वाटभर वाक्यं जुळवली होती. आणि पहिल्याच प्रश्नाला तिच्या तोंडून खोटं निघालं.

"चौकशीचं व्हय? बसा. उन्हाचं आलासा." म्हातारी आत गेली, पाणी आणलं, गुळाचा खडा आणला. मग तिच्या पुढ्यात मूठभर शेंगदाणे ठेवून म्हणाली, "खावा की. लाजताय कशाला?"

शांभवीनं खाल्ले. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

धोंडुबाई आपणहून बोलू लागली. ज्या लाइनीवर कृष्णात चढला होता ती बंदच होती. शेजारची चालू होती. "वल्या चकतीवरनं जाळ उडाला म्हनं. लेप चांगला हाय असा कागद आलता, म्हनून बदलला न्हवता. कागद चांगला आन् लेप वाईट, असं कसं म्हनायचं? आमचंच नशीब." ती शेंगा फोडत राहिली. "पट्टा बांधलता त्येनं कमरंला. पट्ट्यानं खाली पडू दिलं न्हाय. वरच लटाकला. डोस्कं खाली, पाय वर. दोनी हात असं लोंबत हुतं बगा खाली. लाइन बंद करून उतरवायला पाऊण तास लागला. समद्या गिरणीनं बघितलं."

शांभवी उठली. कसंबसं "येते" म्हणाली.

"चौकशीत काय निघालं तर सांगा हं बाई," धोंडुबाई मागून ओरडली.

परतीच्या गाडीत, कागलच्या अलीकडे, तिच्या ध्यानात आलं. इतके दिवस ती पडद्यावर जे बघत होती ते सरळ होतं. पाय खाली, डोकं वर, हात डोक्याच्याही वर. पण थेंब सगळं उलटं दाखवतो. तिनंच सांगितलं होतं त्याला. थेंबात जे सरळ दिसतं, ते खोलीत उलटं असलं पाहिजे. पाय वर, डोकं खाली. आणि हात उंचावलेले नव्हते, लोंबत होते.

तिनं समोरच्या सीटची दांडी धरली ती कोल्हापूर येईपर्यंत सोडली नाही.

६

शनिवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर ती एकटी मागे थांबली. खालच्या खणातून पिशवी काढली. यंत्राच्या खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं, पण थोड्या वेळानं ते आपसूक लोटलं गेलं. ते तसं नेहमीच लोटलं जायचं. करकर चालू होती.

दुसरा तुकडा ठेवला. सुईतून थेंब उतरवला. तो टेकला, क्षणभर गोल राहिला. तेवढ्यात त्याच्या पोटात खिडकी भरून ती काळी आकृती दिसली. मग थेंब हळूहळू बसका झाला. कोन एकाहत्तर. तिनं पाचही थेंब घेतले, नियमाप्रमाणे, आणि सरासरी लिहिली.

तिसरा. चौसष्ट.

चौथ्यावर थेंब टेकताच पसरला, जिभेवर पसरावा तसा. अडतीस.

ती मध्ये थांबली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रडायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं. अजून दोन उरले होते. दोन तास लागतील असं तेव्हा वाटलं होतं. घड्याळात पाहिलं, तर निम्म्याहून जास्त काम झालं होतं आणि जेमतेम पन्नास मिनिटं गेली होती. दीडची चुकली असती तर तीनची गाडी होती. हळद संध्याकाळची होती.

पाचवा. बावन्न.

सहावा तुकडा ठेवला. या वेळी थेंब इतका पसरला की पडद्यावर नुसती एक काळी रेघ उरली. पोट नाही, खिडकी नाही, आत काही नाही. करकर थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की तिला वाटलं, संपलं. झालं. तिनं पडद्यावरून नजर काढली आणि यंत्रापलीकडे, दिव्याकडे पाहिलं.

दिव्याच्या पुढे दोन हात लोंबत होते.

वरून आलेले. मनगटापासून खालचे दिसत होते. त्याच्या वरचं बघायला मान उचलावी लागली असती. बोटं सैल, किंचित आत वळलेली. पंजे पाण्यानं भिजलेले होते, आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाशी एक थेंब जमत होता. तो मोठा होत होता, पण पडत नव्हता. हात संथपणे, कळेल न कळेल इतके, फिरत होते. ओल्या चिनीमातीचा आणि जळल्या रबराचा वास आला.

तिला वर बघायचं होतं. वर बघून 'दादा' म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं, आणि त्याला पाच सेकंदही लागले नसते. पण लहानपणी चोरी पकडल्यावर मान जशी जड होते तशी तिची मान झाली. हनुवटी छातीला टेकली ती उठेना. तिनं तसंच, खाली बघत, कागद ओढला. सहाव्या ओळीत लिहिलं, 'चोवीस'. शेऱ्यात लिहिलं, 'लेप निकामी. एप्रिलचा अहवाल खोटा आहे. पाच नमुने मोजले नव्हते.' खाली पूर्ण नावानं सही केली. तारीख घातली.

मग डोळे मिटून बसली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. उघडले तेव्हा दिव्यापुढे काही नव्हतं. दार सताड उघडं होतं.

७

सोमवारी तिनं कागद विश्वजित सरांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"वेडी आहेस का? तीन महिने झाले त्याला जाऊन. कुणी मागितलंय हे?"

"कुणीच नाही, सर."

"मग घरी घेऊन जा आणि जाळून टाक. लॅब बंद पडेल. वीस जणांच्या पोटावर येईल."

"एक प्रत विद्युत निरीक्षकांना पाठवलीय. एक गिरणीला."

त्यांनी तिला त्याच दिवशी काढलं. पुढे जबाब झाले, गिरणीनं लेप उतरवून नवा दिला, तिच्यावर केस उभी राहिली. ती अजून चालू आहे. शांभवीनं कुठंही काही नाकारलं नाही. पण हे सगळं होण्याआधी, नोकरी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ती पुन्हा मुरगूडला गेली.

धोंडुबाई दारातच होती. या वेळी शांभवी बसली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शनिवार, हळद, पाच आकडे. बोलता बोलता हेही सांगून गेली जे कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं, थेंबातली आकृती, करकर, दिव्यापुढचे हात.

म्हातारी रडली नाही, ओरडली नाही. आकड्यांचं तिनं किती ऐकलं कोण जाणे. ती उठली, शांभवीच्या अगदी जवळ आली आणि दोन्ही हातांनी तिचे दंड धरले. सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असलं काही होतं की शांभवीला ते बघवेना. ती आशा होती.

"मला कुणी त्वांड दावलं न्हाय त्येचं," धोंडुबाई म्हणाली. "जळलंय म्हनाले, बघू नगा म्हनाले. कापडात गुंडाळून आनला आन् तसाच न्हेला. तू बघितलंस न्हवं? लई वंगाळ झालतं का गं?"

शांभवीची मान पुन्हा खाली गेली.

"सांग की. मी काय म्हननार न्हाय तुला. त्वांड कसं हुतं त्येचं?"

"मी वर बघितलं नाही, आज्जी."

म्हातारीचे हात तिच्या दंडांवरून हळूहळू सुटले.

"एवढ्या जवळ आलता," ती म्हणाली, "आन् तू बघितलं न्हाईस?"